एकटीचा ठसा

मिथिला जपानात, कानाझावाला थोरल्या बहिणीकडे पोचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या नाकादे आजींनी तिला पिशवी भरून फळं दिली. त्यांच्या अंगणातल्या झाडाची, टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं. हेमांगी त्या गल्लीत नऊ वर्षं राहत होती. तिचं जपानी इतकं स्वच्छ होतं की फोनवर ती परदेशी आहे हे कुणाला कळत नसे. कचरा ती ठरल्या दिवशी ठरल्या पिशवीतच टाके, बर्फ पडला की आजींच्या दारासमोरची वाटसुद्धा मोकळी करी. एवढ्या वर्षांत तिला आजींकडून मिळालं होतं ते मान लववून म्हटलेलं 'सुप्रभात'. झाडाचं फळ नाही.

"तू केलंस तरी काय?" हेमांगीने विचारलं.

"काही नाही गं ताई. त्यांनी फळ पुढे केलं, मी घेतलं."

कसं घेतलं असेल, हे हेमांगीला न बघताही ठाऊक होतं. मिथिलाचा हात एखाद्या वस्तूकडे जायचा आणि निम्म्या वाटेत थबकायचा. घेतलं तर चालेल ना, असं जणू त्या हातालाच विचारायचं असे. हनुवटी किंचित खाली जायची, आणि मग तो हात उरलेलं अंतर पटकन कापायचा. हसतानाही तसंच. हात तोंडाकडे निघायचा आणि मध्येच विसरून हवेत राहायचा. मिथिला आता चौतीस वर्षांची होती, मिरजेत बालवाडीत शिकवत होती, तिला नवरा होता, संसार होता. पण हे मात्र लहानपणी होतं तसंच राहिलं होतं.

मिरजेच्या घरी पाहुणे आले की आई दोघींची ओळख एका दमात करून द्यायची, "ही मोठी, हेमांगी. हुशार आहे. आणि ही आमची मिथू." मिथूबद्दल पुढे काही सांगावं लागत नसे. तोवर ती कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसलेली असे. हेमांगीने लहानपणी आरशासमोर उभं राहून ते थबकणं शिकायचा प्रयत्न केला होता. चांगलं जमलं असं वाटल्यावर एकदा मावशी लाडू देत असताना तिने ते करून दाखवलं. आई म्हणाली, "काय गं, खांदा दुखतोय का?"

तो नाद तिने तिथेच सोडला. पण माणूस गोड वाटतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न काही सुटला नाही. चित्रकला झाली, पुण्यात राहून जपानी झालं, आणि शेवटी ती त्या देशात नोकरीला गेली जिथे गोंडसपणा ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. तिथे रस्ता खणला तर भोवतीचे अडथळेसुद्धा बेडकाच्या नाहीतर सशाच्या आकाराचे असत. पोलीसखात्याचं, करखात्याचं, शहराच्या पाणीपुरवठ्याचं आपापलं गुबगुबीत बाहुलं असे, आणि त्या बाहुल्याने मान वाकडी करून सांगितलं की लोक बिल भरत.

तिच्या कार्टूनपटांच्या स्टुडिओच्या दिग्दर्शिका शिराइशी-सान, म्हणजे शिराइशीबाई, साठीच्या पुढच्या होत्या. हेमांगी कुरणे रुजू झाली त्या दिवशी त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती. 'कावाई' या शब्दाचं मूळ म्हणजे चेहरा लाजेने तापणं. समोरचं बघवत नाही, आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, तो भाव. त्यातून 'कीव येण्याजोगं' असा अर्थ आला आणि त्याचंच पुढे 'गोंडस' झालं. "आजही कावाई म्हणजे गोंडस आणि कावाइसो म्हणजे बिचारं," त्या म्हणाल्या. "नुसतं सुंदर काढलंत तर लोक वाहवा करतील, कुरणे-सान. थोडं बिचारं काढलंत तर उचलून जवळ घेतील."

हे सगळं ऐकायला सोपं होतं. पण अलीकडे कुणी काही उचलून घेईनासं झालं होतं.

त्याचं कारण असं. मोठं कपाळ, त्याखाली मोठे डोळे, फुगलेले गाल, आखूड हातपाय हे तान्ह्या बाळाचं माप. ते दिसलं की माणसाचा मेंदू सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात, म्हणजे समोर काय आहे हे कळायच्याही आत, मऊ होतो. बाळांना कुणीतरी सांभाळावं म्हणून निसर्गाने करून ठेवलेली ती सोय. व्यंगचित्रकारांनी आणि खेळणी बनवणाऱ्यांनी ती शंभर वर्षं वापरली. मग यंत्रं चित्रं काढू लागली आणि असले बिनचूक चेहरे लाखांनी निघाले. मोबाइलवर, दुधाच्या पिशवीवर, लिफ्टच्या बटणावर. होता होता मेंदू कोडगा झाला. तीन वर्षांची पोरंसुद्धा ते डोळे बघून जांभई देऊ लागली.

चेहरे वापरून संपले होते. हालचाल अजून शिल्लक होती. चालायला शिकणारं मूल पाऊल टाकण्याआधी हेलकावतं. मेंदूचा हुकूम सुटलेला असतो, पण अंगाची खात्री नसते. मोठेपणी ही चलबिचल आपल्या अंगातून निघून जाते. फार थोड्या माणसांत तिचा अंश उरतो, तोही त्यांच्या नकळत. स्टुडिओने घेतलेलं नवं यंत्र हा अंश माणसाच्या हालचालीतून वेगळा काढायचं आणि हव्या त्या चित्राच्या अंगात उतरवायचं. त्याचं नाव युरागी, म्हणजे हेलकावा. यंत्रातून निघालेल्या त्या नमुन्याला सगळे ठसा म्हणत. नियम एकच होता आणि तो कडक होता. एका पात्रात निदान सात माणसांचे ठसे मिसळायचे. कुणा एकाचं अंग ओळखू येता कामा नये. ते मिसळण्याचं काम हेमांगीकडे होतं.

पात्राचं नाव मोकू. खवल्या मांजराचं पिल्लू, आईपासून हरवलेलं, घाबरलं की स्वतःचाच चेंडू करून घेणारं. सात जणांचे ठसे घालूनही मोकू हलायचा तेव्हा तो कुणाचाच वाटत नसे.

मिथिलाला स्टुडिओ दाखवायला नेलं तेव्हा हेमांगीच्या मनात काही नव्हतं. युरागीच्या खोलीत कुणीतरी चहाबरोबर तांदळाच्या मिठाईची ताटली आणून ठेवली. यंत्र चालूच होतं. मिथिलाचा हात ताटलीकडे निघाला.

दोन दिवसांनी तो ठसा घातलेला मोकू चाचणीच्या प्रेक्षकांना दाखवला. अंधाऱ्या खोलीत बसलेली माणसं, त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वास मोजणारी उपकरणं. पडद्यावर मोकूने एका पडलेल्या बोराकडे पंजा नेला, थबकला, हनुवटी खाली केली, आणि बोर उचललं. आकडे वर गेलेच, पण शिराइशी-सान आकडे बघतच नव्हत्या. पहिल्या रांगेत टाय लावलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांचा हात आपोआप पडद्याकडे निघाला होता.

"हा ठसा कुणाचा?" शिराइशी-सान हळू आवाजात म्हणाल्या.

"माझ्या धाकट्या बहिणीचा."

"तुम्हाला बहीण आहे? कशी आहे ती?"

नऊ वर्षांत हेमांगीच्या घरी कोण आहे असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिने काढलेली कितीतरी चित्रं त्यांनी 'चांगलं आहे' म्हणून पुढे पाठवली होती. मिथिलाने एक मिठाई उचलली होती, फक्त एक, आणि बाईंना ती कशी आहे हे जाणून घ्यायचं होतं.

संमतीचा मजकूर जपानीत होता. मिथिलाने पडद्याकडे बघून डोळे मोठे केले. "ताई, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुझी हालचाल बाकीच्यांच्यात मिसळून वापरणार, एवढंच. नकोसं वाटलं तर कधीही काढून घेता येतं."

"तू सांगतेयस ना? मग झालं." आणि तिने बोट टेकवलं.

त्या क्षणी हेमांगी खरं तेच बोलत होती. मिथिला मिरजेला परत गेल्यावर ती मिसळायला बसली. सातातला एक ठसा काढून बघितला, मोकू जरा जिवंत झाला. आणखी एक काढला. रोज एकेक काढत गेली आणि शेवटी एकटी मिथिला उरली. पडद्यावर मोकू नव्हताच, मांडीवर बसायला निघालेली मिथू होती. इथे थांबून बाकीचे सहा ठसे परत घालायला हवेत, हे हेमांगीला माहीत होतं. कलेसाठी नियम मोडला असं नंतर तिने स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. आता तो पंजा थबकला की लोक म्हणणार होते, हे हेमांगीने केलं. लहानपणापासून जे आरशात जमलं नाही ते आता तिच्या नावावर लागणार होतं. तिने यंत्रात सात नावं भरली आणि सहांचं प्रमाण शून्याच्या जवळ ठेवलं.

मोकू वर्षभरात कुठल्या कुठे गेला. इस्पितळात लहान मुलांना सुई टोचायच्या आधी मोकू यायचा. रस्ता ओलांडायच्या दिव्यात तो थबकायचा आणि त्याच्याबरोबर माणसंही थबकायची. तो मराठीत आला, तमिळमध्ये आला, पोर्तुगीजमध्ये आला. नाकादे आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मोकू तुमचा ना?" आणि आत जाऊन फळं घेऊन आल्या. हेमांगीने ती घेतली. छातीत ऊब आली, ती दोन दिवस टिकली.

मग आईचा फोन आला. "बघते हं तुझा मोकू रोज. अगदी आपली मिथूच गं ती! बोर उचलताना तर मला हसूच आवरेना. मिथूला म्हटलं, ताईने तुला किती छान काढलंय."

"मी काढलाय तो, आई. मिथूने नाही."

"तेच म्हणतेय की मी."

हेमांगीने फोन ठेवला. सगळं जग मोकूला तिचा म्हणत होतं, आणि आईला त्यात मिथूच दिसत होती.

आईच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा हेमांगी रजा घेऊन मिरजेला आली. दार मिथिलाने उघडलं. हेमांगीने खाऊचा डबा पुढे केला. मिथिलाने तो सरळ, एका झटक्यात घेतला आणि टेबलावर ठेवला. मग खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

खोलीत टीव्ही चालू होता. आई डोळ्याला काळा चष्मा लावून अगदी पडद्याजवळ बसली होती. "आलीस का? बस बस. हे बघ, आता तो पुलावरनं जायचाय." मोकूने पुलावर पाऊल टाकण्याआधी हेलकावा खाल्ला, आणि आई खुदकन हसली.

मिथिलाने बालवाडी सोडली होती, हे हेमांगीला तिच्या नवऱ्याकडून, सारंगकडून कळलं. का सोडली ते त्याला नीट सांगता येईना. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना हेमांगीने तिलाच विचारलं.

"पोरं म्हणायला लागली, टीचर मोकूची नक्कल करतात," मिथिला म्हणाली. "पहिल्यांदा मलाही मजा वाटली. मग पालकसभेत एक बाई म्हणाल्या, तुमच्या वयाला शोभत नाही हो. दुकानात एका मुलीने माझा व्हिडिओ काढला. सारंगसुद्धा एकदा लग्नात चारचौघांत म्हणाला, पुरे आता मोकूपणा. तो आपला चेष्टेत म्हणाला. पण तेव्हापासनं हात उचलला की माझं लक्ष जातं. लक्ष गेलं की ते होत नाही. झालंच तर खोटं होतं. आता मी चमचा उचलायचा तरी विचार करून उचलते, ताई."

हेमांगीच्या मनात सगळ्यात आधी उमटली होती ती एक बारीकशी खुशी. लाडू, मावशी, मांडी, सगळ्यांची फिट्टंफाट झाल्यासारखी. ती लगेच विझली, पण येऊन गेली हे तिला कळलं, आणि तिने हातातला टॉवेल घट्ट धरला.

"आणि आईचं बघ," मिथिला पुढे म्हणाली. "दुपारभर ती त्याला बघत असते. मी शेजारी बसलेली असते. मी काही विचारलं तर म्हणते, थांब गं जरा. मला थांब म्हणते आणि त्याला बघते. त्या खवल्याच्या पोराला! कधीकधी वाटतं, टीव्हीवर काहीतरी फेकून मारावं. हसू नकोस."

"मी हसत नाहीये."

"मला एक कळत नाही. तू म्हणाली होतीस, मिसळून वापरणार. मग सगळ्यांना मीच का दिसते?"

टाळता आलं असतं. यंत्राचं नाव पुढे करता आलं असतं. हेमांगी म्हणाली, "मिसळलं नाही मी. सात जणांचं घ्यायचं होतं. तुझं एकटीचं घेतलं."

"का?"

"ते माझं असावं असं वाटलं. लहानपणापासून वाटायचं."

मिथिला कपड्यांची टोपली तिथेच टाकून खाली गेली. हेमांगी मागोमाग पोचली तेव्हा टीव्ही बंद झाला होता आणि आई म्हणत होती, "अगं, लाव ना, संपतच आलं होतं!"

"नाही लावणार!" मिथिला ओरडली. या घरात तिचा असा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "बंद म्हणजे बंद! ताई, मला त्यातनं काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

हेमांगीने त्याच दिवशी शिराइशी-सानना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सात नावं, शून्याजवळचं प्रमाण, सगळं. त्या म्हणाल्या, "ही गोष्ट फोनवर आटपण्याजोगी नाही. मी येते."

त्या खरोखर आल्या. मुंबईहून गाडी करून, काळ्या कोटात, उन्हाने लालबुंद होऊन. मिरजेच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी बूट दाराबाहेर नीट लावून ठेवले आणि मिथिलासमोर कंबरेत वाकल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत. मिथिलाला काय करावं कळेना. शिराइशी-साननी भाषांतर करणारं बटणाएवढं यंत्र कानात घातलं आणि दुसरं मिथिलापुढे धरलं.

मिथिलाने ते घेतलं नाही. "यंत्र नको. ताई सांगेल."

"ती?" सारंग म्हणाला. "मिथिला, अगं, एवढं होऊनसुद्धा?"

"ताईच सांगेल. आणि त्यांनाही ते काढायला सांग, ताई."

शिराइशी-साननी कानातलं यंत्र काढून ठेवलं. मग हेमांगी दोघींच्या मध्ये स्टुलावर बसली. बाईंचं बोलणं ती मराठीत सांगू लागली. तुमच्या संमतीचा माझ्या स्टुडिओत गैरवापर झाला. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही, कारण मोकू चालला होता. तुमचा ठसा आजच काढला जाईल. जे पसरलं ते सगळंच्या सगळं परत आणता येणार नाही, हे खोटं न बोलता सांगते.

"बरं," मिथिला म्हणाली.

शिराइशी-सान पुढे म्हणाल्या, "तुमच्या बहिणीबद्दल मला ठरवायचं आहे. नियमाप्रमाणे त्यांना जावं लागेल. पण नुकसान तुमचं झालंय. तुम्ही म्हणालात तर मी त्यांना दुसऱ्या पात्रावर ठेवीन. तुमचं काय म्हणणं आहे?"

हेमांगीने तेही मराठीत सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला जड गेलं.

मिथिला खिडकीकडे बघत होती. "त्यांना सांग, ताईसारखं बारीक बघणारं माणूस त्यांना मिळायचं नाही. जन्मभर मला बघून बघून शिकलीय ती. म्हणूनच तिला त्या कामावर परत घेऊ नका. दुसऱ्या पात्रावरही नको. उद्या ती आणखी कुणाला तरी अशीच बघेल."

हेमांगीच्या डोळ्यांसमोर कानाझावातलं तिचं टेबल आलं, उत्तरेच्या खिडकीतला उजेड आला. तिच्याखेरीज मराठी कळणारं त्या खोलीत जे कुणी होतं त्याला जपानी येत नव्हतं. 'तिला दुसरं काम द्या' एवढं म्हटलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. तिने जपानीत वाक्य जुळवलं आणि एकही शब्द न गाळता सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

शिराइशी-सान तिच्याकडे वळल्या. "असंच म्हणाल्या त्या?"

"हो. असंच."

"नीट सांगितलंस ना?" मिथिलाने विचारलं.

"नीट सांगितलं."

शिराइशी-सान उठल्या, पुन्हा वाकल्या, या वेळी दोघींपुढे, आणि गेल्या.

मोकूचे नवे भाग सात जणांच्या ठशांवर निघू लागले. जगात कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. पोरं बघत राहिली, दिवे लागत राहिले, लोक थबकत राहिले. आईने मात्र पहिलाच नवा भाग निम्म्यावर बंद केला. "ह्याच्यात आता काही राम राहिला नाही," ती म्हणाली आणि रिमोट बाजूला ठेवला. मिथिला शेजारीच बसली होती. आईने तिच्याकडे वळून काहीतरी विचारलं, मिथिलाने थोडक्यात उत्तर दिलं. तिचे हात अजून मांडीखालीच होते.

डोळ्यात औषध घालायची वेळ झाली तशी ती उठली आणि बाटली हेमांगीपुढे धरली. "आज तू घाल. मी चहा टाकते."

आई पलंगावर आडवी झाली, चष्मा काढला, तोंड वर केलं. हेमांगीने खालची पापणी बोटाने ओढली आणि थेंब सोडला. बरोबर मधोमध पडला. दुसऱ्या डोळ्यातही तसाच. आईने डोळे मिटून घेतले.

"मिथू, आज गालावर ओघळसुद्धा आला नाही बघ."

"मी आहे, आई. हेमांगी."

"होय का? किती स्थिर हात गं तुझा!" आई डोळे मिटूनच हसली आणि चाचपडत तिचा हात धरला. "आता रोज तूच घालत जा. मिथूचं अर्धं बाहेर सांडतं."

हेमांगीने मान वर केली. मिथिला चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या हातात असलेल्या ताईच्या हाताकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, नजर त्या एका जागी रुतलेली. ती नजर हेमांगीच्या इतकी ओळखीची होती की आत नेमकं कुठे टोचतंय हे तिला सांगता आलं असतं. फक्त बाहेरून ती कशी दिसते, हे तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं.